मदत हवी: गहू न लागलेलं ज्वारीचं पीठ कुठे मिळेल?

लेकीची_आई: मुलीचा गहू डॉक्टरांनी कायमचा बंद केलाय. दादर ज्वारी घरच्या शेतातली, स्वतः निवडून गिरणीत देते. तरी भाकरी खाल्ली की रात्री पोटात कळा. गिरणीवाल्या काकांना विचारलं तर म्हणे आधी गहूच दळला होता. स्वच्छ पीठ कोण देतं? लवकर सांगा, सोमवारपासून परीक्षा आहे.

तापीकाठ: ॲलर्जी की सिलिअ‍ॅक (गव्हाने आतड्याला इजा होते तो आजार)? वय? गाव?

लेकीची_आई: सिलिअ‍ॅक. नऊ वर्षं. चोपडा. तपासण्या सगळ्या झाल्यात, मला पीठ हवंय.

भुसावळ_जंक्शन: घरघंटी घ्या, विषय संपला. पण नवीनच. जुनीच्या जाळीत गव्हाचं पीठ बसलेलं असतं, कितीही झटका.

मातीचा_माणूस: एवढा खर्च कशाला? खपली गहू द्या, पचायला हलका. वडिलांचा पोटाचा त्रास त्यानेच गेला.

तापीकाठ: दादा, खपलीसुद्धा गहूच, ग्लूटेन (गव्हातलं त्रास देणारं प्रथिन) त्यातही आहे. या मुलीच्या आतड्याचं अस्तर झिजेल. असं सुचवू नका.

मातीचा_माणूस: अनुभव सांगितला. द्याच असं म्हटलं नाही.

तापीकाठ: "द्या" असंच लिहिलंय वर.

केळीची_बाग: कळण्याची भाकरी करता का ताई? आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, मीठ दळतानाच. सोबत ठेचा.

फैजपूरची_सून: उडीद दुकानातला असेल तर ताटात पसरून निवडा, गव्हाचे दाणे सापडतात. आणि ताई, हिंगाची डबी बघितली का? बांधणी हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. मी दोन वर्षं मुलाच्या वरणात तोच घालत होते. तांदळाच्या पिठातला मिळतो, तोवर लसणाची फोडणी द्या. पाकिटावर "ग्लूटेनमुक्त" असेल तरच विकतचं पीठ घ्या, नियमाने त्यात किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

लेकीची_आई: डबी आत्ता बघितली. गव्हाचं पीठ लिहिलंय. रोजच्या डाळीत पडत होता हा. फेकला. घरघंटी पुढच्या महिन्यात घेऊ, पण सोमवारचं काय? जवळपास कुणाच्या घरघंटीत गहू कधीच पडला नसेल तर पाच किलो दळून द्याल का? दादर मी आणून देते.

सातपुडा_पायथा: यावल चालेल का? आमच्या घंटीत फक्त तांदूळ आणि ज्वारी. मेसेज करा, उद्या दुपारी या.