नेम पायातही असतो

"कॉलेजात ज्याचा नेम चुकतो त्याचा एनएफएलमध्येही चुकणारच, ही गोष्ट शिकवून येत नाही" असं अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकबद्दल (पास फेकणाऱ्या खेळाडूबद्दल) म्हणतात; एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक लीग. बहुतेकांच्या बाबतीत हे खरं आहे. पण मग क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनचं काय करायचं? वायोमिंग विद्यापीठाकडून खेळताना त्याचे जेमतेम 56 टक्के पास पूर्ण होत, म्हणजे सहकाऱ्याच्या हातात पडत. 2018 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) बफेलो बिल्स या एनएफएल टीमने त्याला सातव्या क्रमांकावर उचललं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. पहिल्या सीझनला 52.8 टक्के. म्हटलं, गेली निवड पाण्यात! 2019 ला 58.8 झाले आणि 2020 ला थेट 69.2. मधल्या सुट्ट्यांत तो क्वार्टरबॅकना शिकवणाऱ्या जॉर्डन पामरकडे फेकीवर काम करत होता. (2020 लाच स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर (पास झेलणारा) टीममध्ये आला, हे मात्र सांगताना लोक सोयीस्कर विसरतात.)

आणि टक्केवारी म्हणजेच नेम असं धरू नका. रिसीव्हरच्या हातातून निसटलेला सोपा चेंडू किंवा सॅक (चेंडू फेकण्याआधीच पाडलं जाणं) टाळायला मुद्दाम बाहेर भिरकावलेला चेंडू, दोन्ही क्वार्टरबॅकच्याच नावावर अपूर्ण म्हणून लागतात. त्यामुळे रूकीचे (पहिल्या सीझनच्या खेळाडूचे) आकडे बघण्यापेक्षा मी त्याचे पाय बघतो. माझा मुलगा इथे हायस्कूलमध्ये खेळतो; त्यांचा कोच पहिला अर्धा तास हातात चेंडूच देत नाही, नुसतं मागे सरकणं आणि पुढचा पाय लक्ष्याकडे टाकणं. पोरं वैतागतात. पण ज्या दिवशी हे टाळतात, त्या दिवशी चेंडू हमखास रिसीव्हरच्या डोक्यावरून जातात.