लाल समुद्राचा वळसा आणि द्राक्षांचा कंटेनर: मदत हवी आहे

मंडळी, आमची निफाडची द्राक्षं न्हावाशेव्यावरून रॉटरडॅमला जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला. म्हणजे १०-१५ दिवस जास्त. तेवढ्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांचे देठ तपकिरी पडतात, मणी गळतात, तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. भाडं वाढलं ते वेगळंच! विमावाला म्हणतो, युद्धजोखमीचं कव्हर घ्या; पण नुसत्या उशिराने माल खराब झाला तर तेही कामाचं नाही. कुणी सीआयएफऐवजी (जहाजाचं भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे) एफओबीवर (माल जहाजावर चढवला की पुढचं भाडं खरेदीदाराकडे) सौदा केलाय का? वाढीव भाडं खरेदीदाराने सोसलं का? करारात नेमकं काय लिहून घेतलंत? छाटणी उरकलीय, सौदे तोंडावर आलेत.