स्तनाच्या कॅन्सरचा जनुकीय स्कोअर आपल्याकडच्या बायकांनी काढावा का?

कृष्णाकाठ (सांगली): आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक जाहिरात फिरतेय. लाळेचा नमुना द्या, स्तनाच्या कॅन्सरचा धोका टक्क्यांत कळेल. माझं स्पष्ट मत, यात पैसे घालवू नका. ही बीआरसीए या जनुकांची तपासणी नव्हे. बीआरसीए-१ या एकाच जनुकातला बिघाड इतका जबर, की तो असलेल्या शंभरातल्या सत्तरेक बायकांना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. स्कोअर म्हणजे जनुकांतल्या शेकडो बारीक फरकांची बेरीज. २०१९ सालचा गाजलेला स्कोअर ३१३ फरकांचा आहे आणि तो युरोपीय वंशाच्या बायकांच्या माहितीवर बेतलाय. तासगावच्या बाईला तो जसाच्या तसा कसा लागू पडेल?

वाईची लेक: ताई, अर्धंच पटलं. आज आपण विचारतो काय? आईला, मावशीला होता का. वडिलांकडूनही जनुक येतो, पण आत्याचं कुणी विचारत नाही. आणि कॅन्सर झालेल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. त्यांना नुसत्या प्रश्नांनी कसं हेरणार?

मिरजेचा लॅबवाला: मी असे रिपोर्ट हातात देतो. 'धोका सरासरीच्या दीडपट' एवढं वाचून एका बाईंनी विचारलं, "म्हणजे मला झालाय का?" मुळात आपल्याकडची सरासरी पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, तिची दीडपट म्हणजे किती, हे समजावणारा माणूसच तिथे नव्हता. त्या रडत गेल्या. मला अजून चुटपुट लागते.

कृष्णाकाठ: हेच म्हणतेय मी! टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकीचा तपासणीसाठी फॉर्म भरतात, पण त्या तपासणीला तरी किती जणी जातात?

वाईची लेक: त्याच अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांचे मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगा ना. आपल्याकडे तर हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा दहाएक वर्षं आधी गाठतो. तरुण वयात स्तनाचा आतला भाग दाट असतो, त्यामुळे मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ लपते. चाळिशीच्या कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायला स्कोअर कामाचा आहे. आपल्या बायकांचे नमुने घेऊन तो नव्याने बांधा, पण मोडीत काढू नका.

कृष्णाकाठ: संशोधनासाठी, नीट समजावून, फुकट असेल तर पहिला नमुना माझा. पण ग्रुपवर विकायला माझा विरोधच. स्कोअर कमी आला म्हणून हाताला लागलेली गाठ कुणी अंगावर काढली तर?

कोरेगावकर: माझ्या आत्याला छत्तिसाव्या वर्षी झाला होता, ती आता बरी आहे. मी स्कोअर काढू का?

वाईची लेक: नको, तुमच्या घरात आधी बीआरसीए. तीही शक्यतो आत्याचीच आधी करा, तिच्यात बिघाड सापडला तर तुम्ही नेमकं काय शोधायचं ते कळेल. आणि जनुकीय सल्लागाराला भेटल्याशिवाय नमुना देऊ नका.

कृष्णाकाठ: इथे मात्र वाईच्या ताईंशी शंभर टक्के सहमत.