केळीच्या पानाचं वॉल पॅनेल वेल्डिंगनंतर वाकतंय

राम राम मंडळी. 4 बाय 2 फुटांचं केळीचं पान, 1.6 मिमी एमएस (साधं पोलाद) पत्रा, मागून 10 मिमी सळईचा दांडा. सलग वेल्ड मारला की पान कमानीसारखं वाकतं. जळगावात पश्चिमेच्या भिंतीवर लावायचंय. काय करावं?

धुळेकर_लोहार:
भाऊ, सलग वेल्ड हेच कारण. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पत्र्याला दांड्याकडे ओढतो. आधी दर 100 मिमीवर टाका (वेल्डचा छोटा ठिपका) मारा. मग वेल्डचे 20 मिमीचे तुकडे, एक मध्यावर, एक टोकाला, एक दुसऱ्या टोकाला. हात लावण्याइतकं गार झाल्याशिवाय त्याच जागी परत जाऊ नका. 2 मिमीचा 6013 (वेल्डिंगचा रॉड, त्याचा प्रकार), साधारण 45–55 अँपिअर. 2.5 मिमीच्या रॉडने या पत्र्याला भोकं पडतात. दांड्याला ताकद द्यायची नाही, नुसता धरून ठेवायचाय, म्हणून सलग वेल्डची गरजच नाही.

यावलचा_फॅब्रिकेटर:
वाकलेलं पान फेकू नका. फुगीर बाजूवर, म्हणजे इथे पुढून, नाण्याएवढे ठिपके टॉर्चने मंद लाल करा. गार होताना तीच बाजू आकसते. हातोड्याने ठोकलंत तर पत्रा ताणून आणखी फुगतो.

पत्र्याचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास, दांड्याचं वेगळं. चार अँकर (भिंतीत बसवायचे बोल्ट) पुरेत, पण भिंतीपासून 20 मिमी अंतर ठेवा. पावसाचं पाणी मागे अडकलं की गंज तिथूनच सुरू होतो. बाहेर नुसता लॅकर टिकत नाही. मागच्या बाजूलाही झिंक प्रायमर हवाच.