मदत हवी आहे: काकांच्या युद्धाच्या आठवणी कॉलनीत कशा ऐकवाव्यात?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरच्या प्रतापनगरला राहतो. शेजारचे काका हवाई दलातले निवृत्त वैमानिक, ऐंशीच्या घरातले. 11 डिसेंबर 1971 ला आताच्या बांगलादेशातल्या टांगाईलला आपली 2 पॅरा बटालियन (हवाई छत्रीनं उतरणारे जवान) उतरवली, पुंगली पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायला. त्या ताफ्यातल्या एका 'पॅकेट' या मालवाहू विमानात काका सहवैमानिक होते.

गच्चीवर चहा घेताना ते असे बोलतात की कप हातातच थंड होतो. जवान उडी मारत तसतसं हलकं होणारं विमान ते तळहात वर उचलत दाखवतात. पण गणेशोत्सवात माइक दिला तर दोन मिनिटांत "बस झालं बावा" म्हणून खाली! त्यात कानानं कमी ऐकू येतं (दोष इंजिनांचा, असं ते म्हणतात), पोरांचे प्रश्न पोचतच नाहीत.

पंधरा-वीस मुलांसमोर गप्पांसारखंच कसं जमवावं? प्रश्न आधी मोठ्या अक्षरात लिहून द्यावेत का? शिवाय त्यांच्या लॉगबुकची (उड्डाणांच्या नोंदवहीची) पानं पिवळी पडून कडा झडतायत, शाई मात्र टिकून आहे. ती न उसवता नागपुरात नीट स्कॅन कुठे होतील? झेरॉक्सवाल्याकडे द्यायची माझी हिंमत नाही.