विषय: कॅथलिक हायस्कूलला डिपॉझिट भरण्याआधी काय विचारावं?

नमस्कार मंडळी,
मुलगी आठवीत आहे, पुढच्या वर्षी हायस्कूल. एक कॅथलिक मुलींची शाळा बघून आलो, शिस्त आवडली, टीचर्स आवडले, पण फिलाडेल्फियात अशा शाळा बंद पडतायत असं सारखं कानावर येतं. डिपॉझिटची तारीख जवळ आलीये, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.
– अनघा

अनघा,
आधी शाळेचा मालक कोण ते विचार. नावात कॅथलिक आहे म्हणजे सगळ्या एकाच तिजोरीतून चालतात असं नाही. काही आर्चडायोसीजच्या, म्हणजे इथल्या आर्चबिशपच्या हाताखालच्या चर्च संस्थेच्या, तर सेंट जोसेफ्स प्रेपसारख्या जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाच्या, त्यांचं बोर्ड वेगळं, फंड वेगळा. आपल्याकडे अनुदानित कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांच्या हे चटकन लक्षात येत नाही, तिथे शिक्षकांचा पगार सरकार देतं, इथे तो फी आणि देणग्यांतूनच काढायचा.

पूर्वी हे निभायचं कारण शिकवायला नन्स आणि प्रीस्ट असायचे, राहायची सोय आणि हातखर्चापुरते पैसे, बाकी पॅरिशमध्ये, म्हणजे त्या त्या भागातल्या चर्चमध्ये, जमा होईल ते. 1890 चं रोमन कॅथलिक हायस्कूल सुरू झालं तेव्हा तिथे फी नव्हती. आता शिकवणारे बहुतेक घरसंसारवाले, त्यांना पगार, हेल्थ इन्शुरन्स हवाच ना, 2011 च्या सप्टेंबरात त्यांनी संप केला तो उगाच नाही. त्यात पॅरिशच्या छोट्या शाळा मिटल्या, सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली चार्टर स्कूल्स आली, लोक सबर्ब्सकडे गेले. कार्डिनल डॉहर्टी हायस्कूलमध्ये साठच्या दशकात पाच हजारांवर मुलं होती, 2010 ला बंद झाली तेव्हा जेमतेम साडेसहाशे. मुलं कमी झाली म्हणून बॉयलर आणि छप्पर काही लहान होत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटलं हॅलहानचं. 1901 पासूनची मुलींची शाळा, शेवटच्या दिवशी मुली लोगन सर्कलच्या कारंज्यात उड्या मारायच्या, अख्ख्या गावाला माहीत होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं की जूनमध्ये बंद, म्हणजे अकरावीतल्या मुलींनी बारावीसाठी नवीन शाळा शोधायची. हे पोरींवर अन्याय करणारं आहे, म्हणून पाच वर्षांची पटसंख्या विचारल्याशिवाय चेक लिहू नकोस.
– सुहासकाका

काका, पटसंख्या सांगतात हो, पण हिशोब कुठे बघायचा? इतर नॉनप्रॉफिटचा फॉर्म 990, म्हणजे टॅक्स खात्याला दरवर्षी द्यायचा हिशोब, ऑनलाइन मिळतो, चर्चशी जोडलेल्या शाळांना तो भरायची सक्तीच नाही, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. म्हणून तोंडावर विचारायचं, खर्चातला किती भाग फीतून निघतो, उरलेला कोण भरतं, गेल्या तीन वर्षांत तूट होती का. चांगली शाळा सांगते, आम्हाला एका शाळेने टाळाटाळ केली, तिथे आम्ही गेलोच नाही.

आणि अनघा, इतकी घाबरूही नकोस. 2012 ला आर्चडायोसीजच्या चार हायस्कूलना टाळं लागणार असं जाहीर झालं होतं, माजी विद्यार्थ्यांनी आणि देणगीदारांनी पैसे उभे केले, दोन महिन्यांच्या आत निर्णय फिरला, चारही वाचल्या. त्याच वर्षी सतरा हायस्कूलचा कारभार फेथ इन द फ्युचर फाउंडेशनकडे गेला, तेव्हाचे चेअरमन सिग्ना या हेल्थ इन्शुरन्स कंपनीचे माजी सीईओ एडवर्ड हॅनवे. धर्म चर्चकडे, जमाखर्च आणि ॲडमिशन जाणकारांकडे, मला ही वाटणी योग्य वाटली. तरी हॅलहान गेलीच, हेही खरं.
– मेधा

मेधाताईंनी बरोबर सांगितलं. मंडळात ज्यांचा स्वतःचा बिझनेस आहे त्यांनी पेनसिल्वेनियाचं ईआयटीसी, म्हणजे शिक्षणासाठी देणगी देणाऱ्या बिझनेसला टॅक्समध्ये सूट देणारी योजना, जरूर बघा, स्कॉलरशिपसाठी पैसे दिले की स्टेट टॅक्समध्ये 75 टक्के क्रेडिट, दोन वर्षांची हमी दिली तर 90. या शाळांतल्या कितीतरी मुलांची फी यातून भागते, त्यात आपलीही मुलं आहेत. आपल्या सीपीएला, म्हणजे टॅक्सचा हिशोब बघणाऱ्या अकाउंटंटला, विचारून घ्या, क्रेडिटला स्टेटची मर्यादा असते, अर्ज वेळेत करावा लागतो.
– सुहासकाका

काका, मेधाताई, खूप थँक्यू. मालकी, पाच वर्षांची पटसंख्या, फीतून किती निघतं आणि तूट कोण भरतं, एवढे चार प्रश्न आज ॲडमिशन ऑफिसला मेल केलेत, डिपॉझिटची तारीख आठवडाभर पुढे ढकलता येईल का तेही विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.
– अनघा