पॉइंटवरची खोली आणि बिलातल्या बाकीच्या ओळी

प्रेषक: मृ., फ्रीमॉन्ट
विषय: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या धामधुमीत हा विषय मध्येच काढतेय, सांभाळून घ्या. साताऱ्याहून आईबाबा आलेत. ग्रँड कॅन्यनला जाताना लास व्हेगसला मुक्काम केला, स्ट्रिपवरच्या (कसिनोंचा तो मुख्य रस्ता) एका मोठ्या हॉटेलात. सगळ्या रात्री हॉटेलच्या मेंबरशिपच्या पॉइंटवर, म्हणजे खोलीचे पैसे न देता. निघताना काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला. रूमच्या रकान्यात ०.००, आणि त्याखाली प्रत्येक रात्रीची ओळ: रिसॉर्ट फी ५० डॉलर, त्यावर कर ६.६९. वर पार्किंग, तेही व्हॅलेच्या, म्हणजे हॉटेलचा माणूस गाडी लावून देतो त्या दराने. गाडी रोज आम्हीच लावत होतो आणि आम्हीच काढत होतो.

फी कशाची म्हणून विचारलं, तर वायफाय, जिम आणि लोकल फोन. लोकल फोन! आईबाबा व्हेगसमध्ये कोणाला फोन करणार? बाबा शेजारीच उभे होते. "फुकट होतं ना गं?" एवढंच म्हणाले आणि खिशातलं पाकीट चाचपायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्रेडिट कार्डवाल्यांकडे डिस्प्यूट टाकावा का, म्हणजे हे पैसे मान्य नाहीत असं कळवावं का? कोणाला अनुभव आहे?

मृ.

---

प्रेषक: श्री., सॅन होजे
विषय: उत्तर: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

मृ.,

पार्किंगसाठी आधी हॉटेलच्या अकाउंटिंगला फोन कर. फ्रंट डेस्कला नको, ते फक्त "आय ॲम सो सॉरी" म्हणतात. गाडी कुठल्या गेटने आत-बाहेर गेली याची नोंद त्यांच्याकडे असते, पैसे परत मिळतील. रिसॉर्ट फीवर मात्र डिस्प्यूट टाकू नकोस. बुकिंगच्या वेळी तू 'ॲग्री' दाबलेलं पान हॉटेल बँकेला पाठवतं. त्यात खाली बारीक अक्षरात ती फी असतेच, आणि विषय संपतो.

ही फी लागणार की नाही, हे कुठल्या हॉटेल-साखळीत पॉइंट खर्च केलेत त्यावर ठरतं. हिल्टनमध्ये मुक्काम संपूर्ण पॉइंटवर असेल तर रिसॉर्ट फी घेत नाहीत. अर्धे पॉइंट, अर्धे पैसे असं बुकिंग केलंत की ही सूट गेली. हायटमध्येही पॉइंटवरच्या फ्री नाइटला रिसॉर्ट फी नाही, आणि ग्लोबलिस्ट, म्हणजे त्यांचे सगळ्यात वरच्या दर्जाचे मेंबर असाल तर त्या रात्रींचं पार्किंगही माफ. मॅरियटमध्ये पॉइंट असोत की कार्डाबरोबर दरवर्षी येणारं फ्री नाइट सर्टिफिकेट असो, फी द्यावीच लागते. आयएचजीतही साधारण तोच प्रकार. शहरातल्या हॉटेलांनी याच फीचं नाव 'डेस्टिनेशन फी' ठेवलंय. मॅनहॅटनमधल्या हॉटेलाला रिसॉर्ट म्हणायची लाज वाटली असावी.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. चेस किंवा ॲमेक्स या क्रेडिट कार्डवाल्यांच्या प्रवास-बुकिंगच्या साइटवर बँकेचे पॉइंट वापरून हिल्टन घेतलं, तर हॉटेलच्या दृष्टीने ते पॉइंटवरचं बुकिंगच नव्हे. बँकेने तुमच्या वतीने खोलीचे पैसे भरलेले असतात, एवढंच. तिथे रिसॉर्ट फी लागते आणि हॉटेलात पोचल्यावर वेगळी भरावी लागते.

मला खरं बोलायचंय ते व्हेगसबद्दल. इथे आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोलीचा दर कित्येकदा रिसॉर्ट फीपेक्षा कमी असतो. ३५ डॉलरची खोली, ५० ची फी. अशा रात्री मॅरियटचे पॉइंट वापरलेत तर बिलातला लहान भाग पुसला जातो आणि मोठा तसाच राहतो. हिशेब करताना लोक रोखीचं सगळं बिल धरतात आणि ते पॉइंटने भागतात. चूक तिथेच होते. समजा खोली २०० ची, पॉइंट ४०,०००. स्ट्रिपवरचा कर १३.३८ टक्के, म्हणजे खोलीचे २२६.७६ झाले. फी करासकट ५६.६९. ही फी रोखीने राहिलात तरी द्यायचीच आणि पॉइंटवर राहिलात तरी द्यायचीच, मग ती हिशेबात कशाला घ्यायची? पॉइंटने वाचले २२६.७६. पॉइंटला जेमतेम ०.५७ सेंट पडले. फी धरून काढलंत तर ०.७१ दिसतात आणि माणूस उगाच खूश होतो. हिल्टन-हायटमध्ये मात्र ती फी खरोखर वाचते, तिथे ती धरायची.

श्री.

---

प्रेषक: काकू, कूपरटिनो
विषय: उत्तर: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

श्री., तुझं गणित बरोबर आहे रे, पण तू ही फी म्हणजे हवापाणी असल्यासारखं बोलतोयस. आलीच आहे तर सोसा. मला हे पटत नाही.

एफटीसीचा (ग्राहकांच्या तक्रारी बघणारी केंद्र सरकारची संस्था) नियम डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला आणि १२ मे २०२५ पासून लागू आहे. कॉन्सर्टची तिकिटं आणि मुक्कामाच्या जागा, दोन्हींना. सक्तीच्या सगळ्या फी धरून जी एकूण किंमत होते ती आधी आणि ठळक दाखवायची, चेकआउटपर्यंत लपवून ठेवायची नाही. कॅलिफोर्नियाचा असाच कायदा १ जुलै २०२४ पासून आहे. त्याच्याही आधी, २०१९ मध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या ॲटर्नी जनरलने मॅरियटवर आणि नेब्रास्काच्या ॲटर्नी जनरलने हिल्टनवर याच फीसाठी दावा लावला होता. पेनसिल्व्हेनियाबरोबर मॅरियटने २०२१ मध्ये तडजोड केली. तेव्हा गप्प बसून काही झालेलं नाही, लोकांनी तक्रारी केल्या म्हणून झालं.

मृ., तुझ्या बुकिंगच्या पानावर 'इतके पॉइंट + इतके डॉलर' असं वरच लिहिलं होतं की 'समरी ऑफ चार्जेस' उघडल्यावर दिसलं? वर नसेल तर एफटीसीकडे तक्रार कर, दहा मिनिटांचं काम आहे. वर असेल तर मात्र काही करता येणार नाही, कारण नियम फी दाखवायला सांगतो, घेऊ नका म्हणत नाही. सरकारी कर तर त्या एकूण आकड्यात धरायची सक्तीही नाही.

आणि बाबांनी पाकीट काढलं याचं काय वाईट वाटून घ्यायचं? आमच्याकडे माझे सासरे कॉस्टकोतही काढायचे.

काकू

---

प्रेषक: रा., मिलपिटास
विषय: उत्तर: उत्तर: पॉइंटवर बुकिंग…

मी तर म्हणतो हायवेवरच्या पटेलांच्या मोटेलात उतरा. दाराशी गाडी, सकाळी वॉफल, गुजराती बोललात तर चहा. बिल सांगितलं तेवढंच. २०१६ च्या आधी स्ट्रिपवर पार्किंगही फुकट असायचं, मग एमजीएम या कसिनो-हॉटेलवाल्या कंपनीने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि बाकीचे मागोमाग आले. ज्याला जुगार खेळायचा नाही त्याने तिथे उतरावंच कशाला?

रा.

---

प्रेषक: कार्यवाह
विषय: उत्तर: उत्तर: पॉइंटवर बुकिंग…

विषय उपयोगी आहे, चालू द्या. फक्त 'रिप्लाय ऑल' करताना विषयाची ओळ बदलू नका. मोदकांच्या ऑर्डरीचे मेल यात हरवतायत. उकडीच्या मोदकांचा आकडा गुरुवारपर्यंत हवा आहे.

---

प्रेषक: नी., दुबई (पूर्वी सनीव्हेल)
विषय: उत्तर: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

मी तिथून निघाले तरी लिस्टवरून नाव काढलेलं नाही, म्हणून मध्ये बोलते.

रिसॉर्ट फी ही मुख्यतः अमेरिकेतली भानगड. बाकी जगात पॉइंटवाल्यांना गाठतात ते सरकारी कर, आणि त्यावर हिल्टन-हायटची कसलीही सूट नाही. इथे दुबईत 'टुरिझम दिरहम' २०१४ पासून आहे. तो खोलीमागे, रात्रीमागे. पंचतारांकितला २० दिरहम, चारला १५. रक्कम किरकोळ, पण आईबाबांना वेगळी खोली घेतलीत की दुप्पट.

रोममध्ये कर खोलीमागे नसून माणशी आहे. पंचतारांकित हॉटेलात रात्रीला १० युरो. आईबाबा धरून चार मोठी माणसं तीन रात्री राहिली की १२० युरो झाले, खोली पॉइंटवर असली तरी. दहा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

सगळ्यात मोठा फटका मालदीवला. इन्स्टाग्रामवर सगळे लिहितात 'पॉइंटवर फुकट ओव्हरवॉटर व्हिला', म्हणजे पाण्यावर बांधलेली खोली. तिथला ग्रीन टॅक्स १ जानेवारी २०२५ पासून मोठ्या हॉटेलांत माणशी रात्रीला १२ डॉलर झाला, आधी ६ होता. पण तो परवडला म्हणायची वेळ येते ती सीप्लेनचं बिल पाहिल्यावर. लांबच्या बेटावर जायला रिसॉर्ट सांगेल त्याच सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जायचं. जाऊन-येऊन माणशी चारपाचशे डॉलर सहज, आणि पॉइंटमध्ये ते बसत नाही. पोचल्यावर समोर दुसरं हॉटेल नाही, टपरी नाही. जेवणाच्या बिलावर सेवाशुल्क १० टक्के आणि जुलै २०२५ पासून पर्यटनावरचा जीएसटी १७ टक्के. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब ठेपले आणि मेतकूट घेऊन गेलं होतं. मी हसले होते. आता हसत नाही.

मेक्सिकोत कानकूनकडे जाणाऱ्यांसाठी एक. हायटच्या ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये, म्हणजे खाणंपिणं खोलीच्या दरातच असतं अशा हॉटेलात, पॉइंटचा दर दोन माणसांचा असतो. तिसरं माणूस म्हणजे जादा पॉइंट किंवा पैसे. आजीला 'त्याच खोलीत राहील, तिला काय लागतंय' म्हणून नेऊ नका. तिच्या मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय तिला नाश्ताही मिळत नाही.

नी.

---

प्रेषक: श्री., सॅन होजे
विषय: उत्तर: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

काकू, तक्रारीला माझी ना नाही. मी एवढंच म्हणतोय की तक्रारीने पुढच्या माणसाचं पान सुधारेल, मृ.चे पैसे येणार नाहीत.

एक राहिलं. आईबाबांच्या नावावर बुकिंग असेल आणि ते काउंटरवर इथलं डेबिट कार्ड देणार असतील तर देऊ नका. पॉइंटवरची खोली असली तरी हॉटेल रोजचे काही डॉलर 'इन्सिडेंटल', म्हणजे किरकोळ खर्चासाठी, म्हणून अडकवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर ते कळतही नाही. डेबिटवर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला दिवस जातात. आणि चेस सॅफायर रिझर्व्ह असेल तर हॉटेलात तेच कार्ड द्या. वर्षाचं जे ३०० डॉलरचं ट्रॅव्हल क्रेडिट असतं, त्यात ही फी जाते.

श्री.

---

प्रेषक: मृ., फ्रीमॉन्ट
विषय: उत्तर: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

सगळ्यांचे आभार. अकाउंटिंगला फोन केला, व्हॅले आणि सेल्फ पार्किंगमधला फरक परत देतायत. फीला हात लावला नाही. काकू, पान पुन्हा उघडून पाहिलं. वर पॉइंट आणि डॉलर दोन्ही आहेत, डॉलरचा आकडा राखाडी रंगात. त्यामुळे तक्रार राहू देते.

पुढचा प्रश्न. डिसेंबरात आईबाबांना घेऊन होनोलुलू. वायकिकीत हिल्टनचे पॉइंट पुरतायत. हिल्टन म्हणजे फी नाही, बरोबर ना?

मृ.

---

प्रेषक: श्री., सॅन होजे
विषय: उत्तर: पॉइंटवर बुकिंग, तरी चेकआउटला बिल?

सगळ्या रात्री पॉइंटवर घे. एक रात्र कमी पडतेय म्हणून 'पॉइंट आणि मनी', म्हणजे ते अर्धे पॉइंट, अर्धे पैसे, करू नकोस. ती एक रात्र रोखीने वेगळी बुक कर, म्हणजे फी फक्त त्याच रात्रीची लागेल. हवाईत फीवरही कर लागतो. राज्याचा निवासकर १ जानेवारी २०२६ पासून १०.२५ वरून ११ टक्के झालाय, वर काउंटीचे ३, आणि जनरल एक्साइज हा राज्याचा विक्रीकरासारखा कर निराळा. पार्किंग हिल्टनच्या पॉइंटमध्ये नाही, आणि वायकिकीत ते रिसॉर्ट फीच्या तोडीचं असतं. पर्ल हार्बरला बस जाते. गाडी नॉर्थ शोरला जायचं त्याच दिवशी घ्या.

श्री.